चिमणी स्वच्छ दिसते, पण बाहेर काय पडतं? कोळसा, अतिसूक्ष्म कण आणि आपलं शरीर

पानगळ (धागाकर्ती)

कोळशावरच्या वीज केंद्रांचा विषय निघाला की "आता धूर दिसतो तरी का? ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने राख खेचणारी यंत्रं, ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडतात" असं कोणीतरी म्हणतंच. ते खरं आहे, पण ते ९९ टक्के वजनाचे आहेत. शरीराला वजनाशी फारसं देणंघेणं नसतं. किती कण आत गेले, त्यांचा एकूण पृष्ठभाग किती आणि त्यावर काय चिकटलेलं होतं, याचा हिशेब फुप्फुस ठेवतं. नेमकं तेच आपण जवळजवळ कुठेही मोजत नाही. म्हणून हा धागा.

आधी आकार. पीएम १० आणि पीएम २.५ म्हणजे १० आणि २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण, हे आता सगळ्यांना माहीत आहे. ०.१ मायक्रोमीटरच्या, म्हणजे १०० नॅनोमीटरच्या आतले ते अतिसूक्ष्म कण. कागदावर गणित करून बघा. घनता सारखी धरली तर २.५ मायक्रोमीटरच्या एका कणाच्या वजनात ०.१ मायक्रोमीटरचे १५,६२५ कण बसतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग २५ पट भरतो. २० नॅनोमीटरचे कण घेतले तर संख्या साडेएकोणीस लाखांवर जाते, पृष्ठभाग १२५ पट.

आता उलट बाजूने. दर घन सेंटिमीटर हवेत २० नॅनोमीटरचे १०,००० कण आहेत असं धरू. पाण्याइतकी घनता धरली तर त्यांचं वजन दर घनमीटरला साधारण ०.०४ मायक्रोग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५ ची २०२१ची वार्षिक मार्गदर्शक पातळी ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे वजनाच्या आकड्यात हे दहा हजार कण दिसणारसुद्धा नाहीत. आणि त्याच २०२१च्या दस्तऐवजात संघटनेने अतिसूक्ष्म कणांच्या संख्येची दिवसाची सरासरी दर घन सेंटिमीटरला १०,००० च्या वर गेली तर ती "जास्त" समजावी आणि १,००० च्या खाली असेल तर "कमी", असं सुचवलंय. ही बंधनकारक मर्यादा नाही, चांगल्या कार्यपद्धतीची सूचना आहे. अतिसूक्ष्म कणांसाठी संघटनेने मार्गदर्शक पातळी अजून ठरवलेली नाही.

कोळशातून हे कण दोन वाटांनी येतात. पहिली भट्टीतच. कोळशात माती, वाळू, धातू असं न जळणारं बरंच काही असतं. त्यातलं बहुतेक वितळून मोठ्या राखेचे गोल कण होतात, पण आर्सेनिक, सेलेनियम, कॅडमियम, शिसं, जस्त अशा गोष्टींची ज्वाळेच्या उष्णतेत वाफ होते. वायू थंड होऊ लागला की ती वाफ गोठते: काही नवे चिमुकले कण बनतात, काही वाफ असलेल्या कणांवर बसते. वजनाच्या मानाने सर्वांत जास्त पृष्ठभाग लहान कणांचा, त्यामुळे विषारी धातूंचं प्रमाणही लहान कणांतच जास्त. राख जितकी बारीक तितकी ती जास्त विषारी, हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे.

दुसरी वाट चिमणीच्या बाहेर, आकाशात. सल्फर डायऑक्साइडचं उन्हात सल्फ्युरिक आम्ल होतं आणि त्याच्या रेणूंपासून नवे कण जन्मतात. हे कण कुठल्याच ईएसपीला पकडता येणार नाहीत, कारण ईएसपीमधून जाताना ते अस्तित्वातच नसतात!

एक नवी गोष्ट लिहिते. २०१४ मध्ये अमेरिकेत डॅन नदीत वीज केंद्राच्या साठवण तळ्यातली राख सांडली. त्या राखेचा अभ्यास करताना मायकेल होचेला आणि सहकाऱ्यांना टायटॅनियमच्या वेगळ्याच ऑक्साइडचे नॅनोकण सापडले, ज्यांना मॅग्नेली प्रावस्था म्हणतात. निसर्गात ते अत्यंत दुर्मिळ. कोळशात टायटॅनियम डायऑक्साइड असतंच, भट्टीत कमी ऑक्सिजन आणि जास्त उष्णता मिळाली की त्याचं हे रूप होतं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. दीड-दोनशे वर्षं आपण कोळसा जाळतोय आणि चिमणीतून काय पडतं याची यादी २०१७ मध्येही पूर्ण नव्हती, याची मला काळजी वाटते.

वीज केंद्रात काम केलेले, डॉक्टर, आकडेवारी जाणणारे, सगळ्यांनी लिहा. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

---

वाटसरू

छान धागा. ०.०४ चं गणित मी पुन्हा करून पाहिलं, बरोबर येतंय. एक प्रश्न: ईएसपी विजेच्या भाराने कण ओढतं ना? मग लहान कण हलके असल्यामुळे उलट सोपे जायला हवेत.

---

बॉयलरवाला

वाटसरू, प्रश्न रास्त आहे. मी बॉयलर आणि ॲश हँडलिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ईएसपीमध्ये कणाला आधी विद्युतभार द्यावा लागतो, मगच तो प्लेटकडे खेचला जातो. एक मायक्रोमीटरच्या वरचे कण क्षेत्राच्या जोरावर भरपूर भार घेतात. अगदी लहान कणांना भार कमी मिळतो, पण ते हवेत इतके सहज सरकतात की तेही प्लेटवर पोचतात. अडचण मधल्यांची. साधारण ०.१ ते १ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात दोन्ही गोष्टी अर्धवट असतात, आणि ईएसपीची पकड तिथेच सर्वांत ढिली पडते. पट्ट्याच्या खालच्या टोकाला अतिसूक्ष्म कणांची हद्द लागते. म्हणजे "सगळेच अतिसूक्ष्म कण सुटतात" हे खरं नाही, पण एकूण ९९.५ टक्के पकडणारं यंत्रही या पट्ट्यात त्याहून बरंच कमी पकडतं.

शिवाय हे सगळं यंत्र ठणठणीत असताना. प्लेटवर जमलेली राख पाडायला हातोडे पडतात, त्याला आम्ही रॅपिंग म्हणतो. प्रत्येक ठोक्याला थोडी राख पुन्हा वायूत उडते. राखेचा विद्युतरोध जास्त असेल तर थरातूनच उलटी ठिणगी होते. एखादं फील्ड, म्हणजे ईएसपीचा एक विभाग, ट्रिप झालं आणि युनिट बंद करता येत नसेल तर उरलेल्या फील्डवर चालवतात. बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांतून वायू गाळणारा, या बाबतीत उजवा, तो बारीक कण चांगले धरतो, पण दाब खातो आणि पिशव्या बदलत राहाव्या लागतात.

आता "धूर दिसत नाही" याबद्दल. चिमणीवरचं ओपॅसिटी मीटर प्रकाश किती अडतो ते बघतं. प्रकाश सर्वांत जास्त अडवतात ते त्याच्या तरंगलांबीच्या आसपासचे, अर्ध्या मायक्रोमीटरच्या आगेमागेचे कण. ५० नॅनोमीटरचा कण प्रकाशाच्या वाटेत जवळजवळ येतच नाही. त्यामुळे वायू स्वच्छ दिसणं हा पुरावा नव्हे. आणि पांढरा दाट लोट दिसला तर बहुधा ती पाण्याची वाफ असते, तिला घाबरू नये.

नमुना घेण्याच्या पद्धतीतही एक मोठी फट आहे. चिमणीत नळी घालून वायू साधारण १२० अंशांना तापवलेल्या फिल्टरमधून ओढतात आणि फिल्टर तोलतात. त्या तापमानाला जे अजून वाफेच्या रूपात आहे ते फिल्टरमधून सरळ निघून जातं. चिमणीबाहेर पडून थंड झालं की त्याचेच कण होतात. हा घनीभूत होणारा भाग मोजायची वेगळी पद्धत आहे, थंड पाण्यात ठेवलेल्या बाटल्यांतून वायू नेऊन. पण अहवालात ती केली आहे का, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

---

शंकासुर

बॉयलरवाला, उत्तम माहिती. तरी मला एक शंका आहे, आणि ती विरोधासाठी विरोध म्हणून नाही. अतिसूक्ष्म कणांची संख्या रस्त्यावरच्या वाहनांपाशी आणि विमानतळांपाशी सर्वांत जास्त सापडते. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१३ मध्ये सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि पीएम २.५ पेक्षा वेगळा, स्वतंत्र असा अतिसूक्ष्म कणांचा परिणाम पुरेसा सिद्ध होत नाही असं म्हटलं. मग कोळशाच्या बाबतीत पीएम २.५ वरच लक्ष ठेवणं पुरेसं नाही का? सल्फर कमी करा, राख पकडा, प्रश्न बराचसा सुटतो.

---

श्वासवैद्य

शंकासुर, २०१३चा आढावा मीही वाचला आहे आणि तो प्रामाणिक होता. अडचण बरीचशी मोजणीची होती. हे कण वाऱ्याबरोबर, अंतराबरोबर झपाट्याने बदलतात, आणि शहरात एखादंच मोजणी केंद्र असेल तर कोणाच्या वाट्याला किती आले ते कळत नाही. कळत नाही म्हणून परिणाम पुसट दिसतो.

शरीरात काय होतं ते छातीचा डॉक्टर म्हणून सांगते. १० मायक्रोमीटरचा कण नाकात, घशात अडकतो, कफाबरोबर बाहेर येतो. २० नॅनोमीटरच्या आसपासचे कण मात्र श्वासातून गेले की त्यातले जवळजवळ निम्मे खोल वायुकोशांत बसतात. तिथे कफ वर ढकलणारे केस नसतात. साफसफाई करायची ती भक्षक पेशींनी, आणि इतके लहान कण त्यांच्या हाती नीट लागत नाहीत. वायुकोशाची भिंत किती पातळ असते ते सगळ्यांना शाळेत शिकवलेलं आहे. पलीकडे रक्तच असतं.

"रक्तात जातात" हे पूर्वी प्राण्यांवरून सांगायचे. एडिंबरामधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये माणसांवर पाहिलं. निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनोकण असलेली हवा हुंगायला दिली. सोनं यासाठी की ते निष्क्रिय असतं आणि शरीरात सहज ओळखता येतं. काही जणांच्या रक्तात ते १५ मिनिटांत दिसलं, आणि तीन महिन्यांनंतरही रक्तात-लघवीत सापडत होतं. मग मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतला अडथळा काढायची शस्त्रक्रिया ठरलेल्या काही रुग्णांना आदल्या दिवशी तीच हवा दिली, आणि काढलेल्या त्या चरबीच्या थरात सोनं निघालं. कण रक्तात नुसते फिरत नाहीत, रक्तवाहिनी जिथे आधीच आजारी आहे तिथे जाऊन साठतात. हा निकाल वाचल्यापासून दम्याच्या रुग्णांइतकंच हृदयरोग्यांनाही मी हवेबद्दल विचारते.

मेंदूबद्दल जपून लिहिते. बार्बरा माहेर यांनी २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या ३७ जणांच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे (लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) गोलसर नॅनोकण दाखवले, उच्च तापमानाला बनतात तसे. उंदरांमध्ये नाकातल्या गंधाच्या मज्जातंतूवरून कण थेट मेंदूपर्यंत जाताना दिसले आहेत. यावरून स्मृतिभ्रंश या कणांमुळेच होतो असं म्हणता येत नाही. पण वाट आहे आणि त्या वाटेने कण गेलेले आहेत, एवढं नक्की. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या गटाला काळ्या कार्बनचे कण गरोदरपणातल्या वारेच्या (प्लॅसेंटाच्या) गर्भाकडच्या बाजूलाही सापडले.

आणि एक. एकाच पदार्थाचे, एकाच वजनाचे, पण २० आणि २५० नॅनोमीटर अशा दोन आकारांचे कण उंदरांच्या फुप्फुसांत घातले तर लहान कणांनी बराच जास्त दाह झाला. पृष्ठभागाच्या हिशेबाने मांडलं तेव्हा दोन्ही एका रेषेवर आले. टायटॅनियम डायऑक्साइडवरचा हा प्रयोग जुना आहे, ओबरडॉर्स्टर यांच्या गटाचा. धागाकर्तीने पृष्ठभागावर जो भर दिलाय त्याला आधार आहे तो इथे.

---

आकडेमोड

शंकासुर यांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूवर लिहितो: पीएम २.५ पुरेसं आहे का?

२०२३ मध्ये लुकास हेनेमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'सायन्स'मध्ये आला. अमेरिकेतली ४८० कोळसा वीज केंद्रं, १९९९ ते २०२०, आणि ६५ वर्षांवरच्या लोकांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यातल्या नोंदी. कोळशातून आलेल्या पीएम २.५ चा मृत्यूशी संबंध हा सगळ्या स्रोतांच्या मिळून पीएम २.५ च्या २.१ पट निघाला. त्या काळात कोळशाशी जोडलेले मृत्यू ४,६०,००० इतके, त्यातले ३,९०,००० एकट्या १९९९ ते २००७ या वर्षांतले.

यात दोन गोष्टी आहेत. एक, शंकासुर यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं ठरतं: सल्फर काढणारी यंत्रं बसली, केंद्रं बंद झाली आणि मृत्यू फार वेगाने घटले. एफजीडी, म्हणजे हीच सल्फर काढणारी यंत्रं, बसवायला उशीर करण्याचं एकही आरोग्यविषयक कारण या आकड्यांत सापडत नाही. दोन, एका मायक्रोग्रॅमला सगळीकडे सारखंच मोजणं चुकीचं ठरतं. वजन तेच, इजा दुप्पट. मग फरक वजनाच्या पलीकडच्या कशात तरी आहे: रसायनात, आकारात, धातूंत. नेमकं कशात, ते या अभ्यासाने वेगळं केलेलं नाही. त्यात सल्फर डायऑक्साइडचा माग काढून कण कुठे पोचले ते ठरवलं होतं, अतिसूक्ष्म कण सुटे मोजलेले नव्हते. तेव्हा "हा अतिसूक्ष्म कणांचा पुरावा" असं कोणी लिहू नये.

सुटे मोजले तो अभ्यास कॅनडातला. माँट्रियल आणि टोरोंटो, २०२४ मध्ये प्रसिद्ध. या दोन शहरांत मिळून वर्षाला सुमारे १,१०० मृत्यू अतिसूक्ष्म कणांशी जोडले गेले. तिथले कण मुख्यतः वाहनं, विमानं, उद्योग यांचे, कोळशाचे नव्हेत. पण "स्वतंत्र परिणाम दिसत नाही" हे २०१३चं वाक्य आता जसंच्या तसं वापरता येणार नाही.

---

रानजाई

सगळं वाचतेय. माझी बहीण वीज केंद्राच्या जवळ राहते, भाच्याला दमा आहे. मास्कमधून १०० नॅनोमीटरचे कण आरपार जात असतील ना? आणि तिच्याकडे हवा मोजायचं छोटं यंत्र आहे, त्यात आकडा बरा दिसतो.

---

पानगळ (धागाकर्ती)

रानजाई, मास्क लावू द्या. फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे, छिद्रापेक्षा लहान ते निसटलं असं तिथे होत नाही. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके वेडेवाकडे हलतात की धाग्यांच्या गर्दीतून जाताना कुठे ना कुठे आपटून चिकटतात, शिवाय एन९५ च्या धाग्यांवर विद्युतभार असतो. चाचणी मुद्दाम सर्वांत अवघड आकारांच्या जवळपास घेतली जाते आणि तिथे किमान ९५ टक्के अडायला लागतात. खरी गळती गालांच्या आणि नाकाच्या कडेने होते. मुलाला मोठ्यांचा मास्क घातला तर उपयोग नाही. हेपा फिल्टरचं शुद्धीकरण यंत्र झोपायच्या खोलीत चालतं, दारं-खिडक्या बंद असतील तर. दम्याची औषधं मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच राहू द्यात.

छोट्या यंत्राचा आकडा या कामी धरू नका. ती यंत्रं लेझरचा प्रकाश विखुरतो त्यावर चालतात आणि साधारण ०.३ मायक्रोमीटरच्या खालचं त्यांना दिसतच नाही. पीएम २.५ चा अंदाज म्हणून ती चांगली आहेत, अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत आंधळी. मोजायचं असेल तर कणांवर अल्कोहोलची वाफ गोठवून त्यांचे मोठे थेंब करतात आणि मग ते थेंब मोजतात. ही युक्ती जुनी आहे बरं का, स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी पाण्याच्या वाफेवर चालणारा कणमोजक १८८०च्या दशकात बनवला होता! तंत्र नाही म्हणून मोजत नाही, असं कोणी म्हणू शकत नाही.

वेळेबद्दल एक उपयोगाची गोष्ट. रात्री जमिनीजवळची हवा थंड आणि स्थिर असते, उंच चिमणीचा लोट तिच्यावरून सरळ आडवा जातो. सकाळी जमीन तापली, हवा घुसळायला लागली की रात्रभर वर साठलेलं खाली येतं. त्याच सुमारास ऊन वाढतं आणि सल्फर डायऑक्साइडपासून नवे कण बनू लागतात. वाहनांचे कण सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला वाढतात, चिमणीचे बऱ्याचदा उशिराच्या सकाळी ते दुपारी. वारा केंद्राकडून घराकडे असेल तर मुलाचं खेळणं त्या वेळेत नको. मात्र शेजारीपाजारीच त्रास होतो असंही नाही. वोल्फगांग युंकरमान आणि यॉर्ग हाकर यांनी छोट्या संशोधन विमानांतून असे अदृश्य लोट शेकडो किलोमीटरपर्यंत शोधले आहेत.

---

शंकासुर

सोन्याचा प्रयोग आणि कॅनडाचा अभ्यास, दोन्ही मला नवे होते. आभार. आता एकच विचारतो: केंद्र बंद केल्यावर त्याच जागी माणसांत फरक पडला, असं कोणी पाहिलंय का? संबंध दाखवणारे आकडे वेगळे, आणि चूल विझवून पाहणं वेगळं.

---

श्वासवैद्य

पाहिलंय. चीनमधलं टोंगलियांग. तिथलं कोळशाचं वीज केंद्र दर वर्षी डिसेंबर ते मे चालायचं, कारण त्या कोरड्या महिन्यांत जलविद्युत कमी पडायची. मे २००४ मध्ये ते बंद झालं. कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रेडरिका परेरा आणि चिनी सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जन्मलेली मुलं आणि २००५ मध्ये जन्मलेली मुलं तपासली. जळण्यातून येणारी, कणांवर बसून शरीरात शिरणारी बहुचक्रीय संयुगं डीएनएला चिकटतात, ती नाळेच्या रक्तात मोजली. २००५च्या मुलांत ती कमी होती, आणि मेंदूच्या वाढीला लागणारं एक प्रथिन जास्त. २००२च्या मुलांत ज्यांच्या डीएनएवर ही संयुगं जास्त, त्यांचा दोन वर्षांच्या वयातला विकास मागे होता. २००५च्या मुलांत तसा संबंध उरला नाही.

कॅलिफोर्नियातही २००१ ते २०११ या काळात आठ कोळसा आणि तेलाची केंद्रं बंद झाली, तेव्हा पाच किलोमीटरच्या आत मुदतपूर्व जन्मांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आलं. यातही कण सुटे केलेले नाहीत, वायू आणि कण सगळंच एकदम थांबलं. पण तुम्ही विचारलेलं नेमकं हेच आहे.

---

बॉयलरवाला

जाता जाता कामाचं. कुठल्याही केंद्राचा पर्यावरण अहवाल हातात आला तर या गोष्टी शोधा. चिमणीतल्या कणांत घनीभूत होणारा भाग धरलाय का, की फक्त गरम फिल्टरवरचा? ईएसपीची कार्यक्षमता आकारवार दिलीय का, की एकच एकूण टक्केवारी? नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला एससीआर (अमोनिया आणि उत्प्रेरक वापरणारं यंत्र) बसवला असेल तर गळून जाणारा अमोनिया आणि सल्फर ट्रायऑक्साइड मोजतात का? हा शेवटचा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. एससीआरचा उत्प्रेरक थोड्या सल्फर डायऑक्साइडचं ट्रायऑक्साइड करतो, ते पाण्याच्या वाफेशी मिळून आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब होतात, आणि ओला एफजीडी ते पुरते पकडत नाही. काही केंद्रांवर त्याने निळसर लोट दिसायला लागला. उपाय आहे: एफजीडीच्या आधी चुन्याची किंवा सोड्याची भुकटी सोडायची, किंवा शेवटी ओला ईएसपी लावायचा. एफजीडी आणि एससीआर दोन्ही हवेतच, पण बसवल्यावर नव्याने मोजायला हवं.

मोटारींना युरोपात कणांच्या संख्येची मर्यादा आहे, किलोमीटरला ६ गुणिले दहाचा अकरावा घात, डिझेल गाड्यांना २०११ पासून. डिझेल गाडीला तो आकडा गाठायचा तर कण अडवणारा फिल्टर लागतोच. युरोपच्या २०२४च्या नव्या हवा निर्देशात अतिसूक्ष्म कण मोजणं सक्तीचं झालंय, मर्यादा नाही, पण मोजणं तरी. चिमणीला अशी संख्येची मर्यादा मी माझ्या नोकरीत कधी पाहिली नाही. मोटारीच्या नळकांड्याला जे लागू करता आलं ते दोनशे मीटरच्या चिमणीला का नको, हे माझ्या खात्यातल्या लोकांना मी विचारत आलोय, इथेही विचारतो.

---

पानगळ (धागाकर्ती)

बॉयलरवाला, तुमचे प्रश्न मी मूळ लेखाखाली जोडते, म्हणजे नवीन येणाऱ्यांना शोधावे लागणार नाहीत. आकारवार कार्यक्षमता दिलेला एखादा अहवाल कोणाच्या पाहण्यात असेल तर इथे जरूर लिहा.

रानजाई, वाऱ्याची दिशा आणि भाच्याच्या खोकल्याची वेळ बहिणीला महिनाभर वहीत लिहायला सांगा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.

---

रानजाई

सांगितलं. आजपासून लिहितेय ती.